फुक्स आडनावाची माणसं : फूल, डोळा, बॉम्ब आणि दक्षिण ध्रुव

पानगळ

साडीच्या दुकानात ज्याला आपण राणी कलर म्हणायचो, त्याला आता सर्रास 'फ्यूशिया' म्हणतात. हा रंग आला फ्यूशियाच्या फुलावरून, आणि फुलाला नाव मिळालं लिओनहार्ट फुक्स या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्यावरून. फुक्स म्हणजे खोकड. म्हणजे लग्नातल्या शालूच्या रंगामागे शेवटी एक रानातलं जनावर निघालं!

तेव्हापासून हे आडनाव मला जागोजागी भेटतंय. डोळ्याच्या एका आजाराला फुक्सचं नाव आहे. अणुबॉम्बची गुपितं रशियाला पोचवणारा फुक्स. अंटार्क्टिका आडवी पार करणारा फुक्स. गणितातही एक आहेच म्हणतात. विचारायचं ते असं, की ही सगळी एकाच घराण्यातली का? नसतील तर एकाच जनावराचं नाव इतक्या घरांना कसं चिकटलं? आणि तुमच्या क्षेत्रातला फुक्स कोण, तेही लिहा.

माझ्यापुरतं मी लिओनहार्टना सगळ्यांत वर ठेवते. का, ते पुढे लिहीनच.

माळीबुवा

फ्यूशिया लावायचा विचार असेल तर पुण्या-नगरच्या उन्हात लावू नका. थंड हवा, सावली आणि ओल लागते. उटी-कोडाईला कुंडीतून लोंबणारी फुलं बघा, कानातले डूल टांगल्यासारखी दिसतात. एक गंमत म्हणजे ज्यांचं नाव दिलंय त्या फुक्सनी हे फूल कधी पाहिलंच नाही. ते १५६६ साली वारले. शार्ल प्लूमिए या फ्रेंच पाद्र्याला हे झाड कॅरिबियन बेटांवर सापडलं आणि त्यांनी १७०३ साली ते छापून फुक्स यांच्या नावे केलं. मधे जवळजवळ १४० वर्षं गेली.

नेकारकाठचा

पानगळताई, धागा छान. मी जर्मनीत राहतो आणि इथे फुक्स हे आपल्याकडच्या पवार-जाधवांसारखं आडनाव आहे, कुठल्याही इमारतीच्या पाटीवर दोन-चार सापडतील. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, एक घराणं नाही.

इकडे आडनावं साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकात घट्ट झाली. त्याआधी गावात दोन हान्स असले की ओळखायला काहीतरी जोडायचे. एकाचे केस तांबडे, तो हान्स फुक्स. दुसरा व्यवहारात चलाख, तोही फुक्स. कोणी खोकडाची कातडी विकायचा. शहरात घरांना आकडे नव्हते, दारावर चित्रं असायची, तर खोकडाचं चित्र असलेल्या घरात राहणारा माणूस त्या घराच्या नावाने ओळखला जायचा. हे सगळं शंभर गावांत वेगवेगळं घडलं. त्यामुळे दोन फुक्स भेटले की नातं गृहीत धरता येत नाही.

यात ज्यू कुटुंबांची वेगळी वाट आहे. त्यांच्यात बापाचं नाव लावायची रीत होती, कायम आडनाव बहुतेकांना नव्हतं. ऑस्ट्रियाच्या सम्राट दुसऱ्या योसेफने १७८७ साली हुकूम काढला की ज्यूंनी कायमचं जर्मन आडनाव घ्यावं. प्रशियात हे १८१२ साली आलं. तेव्हा फुक्स, हिर्श (हरीण), वोल्फ (लांडगा), आडलर (गरुड) अशी नावं पुष्कळांनी घेतली. फ्रँकफुर्टच्या ज्यू गल्लीत घरांच्या पाट्यांवरून आडनावं त्याच्याही आधीपासून पडत होती. रोथशिल्ड हे नाव तिथल्याच लाल ढालीच्या पाटीवरून आलं.

आणि उत्तरेकडे गेलात तर हाच फुक्स 'फोस' होतो, कारण तिकडच्या बोलीत खोकडाला तसं म्हणतात. होमरचं ओडिसी जर्मन छंदात आणणारे योहान हाइनरिश फोस हे त्यातलेच.

चाकणकर

आमच्या क्षेत्रातला फुक्स विचारलात ना? आमच्या शॉपमध्ये रोज बघतो, ऑइलच्या पिंपावर. फुक्स नावाची ही वंगण बनवणारी कंपनी मानहाइमला १९३१ साली रुडोल्फ फुक्स यांनी काढली. लेथवर काम करणाऱ्या पोरांना फुक्स म्हणजे कटिंग ऑइल, एवढंच माहीत.

नेकारकाठचा

चाकणकर, माझ्या स्वयंपाकघरात पण आहे! इथली एक मोठी मसाला कंपनी फुक्स नावाची. डीटर फुक्स यांनी १९५२ साली डिसेन गावात सुरू केली. माझ्या फळीवर त्यांच्या लाल तिखटाची बाटली आहे आणि शेजारी आईने पाठवलेला कांदा-लसूण मसाला.

कनीनिका

मी नेत्रतज्ज्ञ आहे, त्यामुळे या धाग्यावर लिहिणं मला भाग आहे. आमचे फुक्स म्हणजे व्हिएन्नाचे एर्न्स्ट फुक्स, १८५१ ते १९३०. त्यांचं नेत्रवैद्यकाचं पाठ्यपुस्तक १८८९ साली आलं, कितीतरी भाषांत गेलं आणि डॉक्टरांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. १९१० साली त्यांनी १३ रुग्णांचं वर्णन केलं: म्हातारी माणसं, बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) धुरकट झालेला. त्यालाच आम्ही आज फुक्स डिस्ट्रॉफी म्हणतो.

यात नक्की काय बिघडतं ते सांगते, कारण लोक याला मोतीबिंदू समजून बसतात. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्या पेशी कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर ओढत राहतात, म्हणून तो काचेसारखा स्वच्छ राहतो. या पेशी माणसात पुन्हा वाढत नाहीत, गेल्या त्या गेल्या. बऱ्याच कमी झाल्या की पाणी साचतं आणि कॉर्निया सुजतो. रुग्णाची तक्रार अगदी ठरलेली: सकाळी उठल्यावर धुकं, दुपारपर्यंत बरं. रात्रभर पापण्या मिटलेल्या असल्याने पाणी उडून जात नाही. दिवसा डोळे उघडे राहिले की ते उडतं आणि नजर साफ होते.

फुक्स यांच्याकडे आजच्यासारखी यंत्रं नव्हती. पेशींचा तो थर मोजायची सोय तर नव्हतीच. तरी रुग्णाचं ऐकून आणि बारकाईने बघून त्यांनी हा आजार वेगळा काढला. माझ्या मते या धाग्यावरचं पहिलं स्थान त्यांचं. पानगळताईंच्या फुलापेक्षा माझा फुक्स जास्त लोकांच्या उपयोगी पडला!

सायंप्रकाश

कनीनिका, माझ्या आईला हुबेहूब हेच होतंय. सकाळी पेपर वाचता येत नाही, जेवणानंतर वाचते. आम्ही समजत होतो झोप नीट होत नसेल. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. काही वेगळं बघायला हवं का?

गणिती_मास्तर

आमचे फुक्स म्हणजे लाझारुस फुक्स. जन्म १८३३, पोझेनजवळचं मोशिन, आता ते पोलंडमध्ये आहे. एमएस्सीला डिफरेन्शियल इक्वेशन्स घेतलेल्यांना 'रेग्युलर सिंग्युलर पॉइंट' आठवत असेल. समीकरणाच्या सहगुणकांचा एखाद्या बिंदूशी स्फोट होतो, तिथे उत्तर किती बेताल होईल, की ताब्यात राहील? ते ताब्यात राहण्याची नेमकी अट फुक्स यांनी शोधली. फ्रोबेनियसची रीत आपण वर्गात गिरवतो ती त्याच पायावर.

पण नाव गाजलं ते फ्रेंच गणिती प्वांकारेमुळे. १८८० च्या सुमारास त्यांनी नव्या प्रकारची फलने शोधली आणि फुक्सच्या लेखातून स्फूर्ती मिळाली म्हणून त्यांना 'फुक्सियन' म्हटलं. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांना ते रुचलं नाही. फुक्सचा या गोष्टीशी थेट संबंध नाही, माझं काम जवळचं आहे, असं त्यांचं म्हणणं. प्वांकारेंनी मग पुढच्या एका वर्गाला क्लाइनचं नाव देऊन टाकलं. ती दोन्ही नावं आजही चालू आहेत. क्लाइन यांची तक्रार गणिताच्या हिशोबाने रास्त होती, पण ज्याच्या लेखातून कल्पना सुचली त्याचं नाव लावायचा प्वांकारेंचा आग्रह मला जास्त आवडतो.

उलटतपासणी

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून मी क्लाउस फुक्सचं लिहितो. जन्म १९११, र्‍युसेल्सहाइम. वडील एमिल फुक्स हे पाद्री आणि समाजवादी. आईने १९३१ साली आत्महत्या केली. हा विद्यार्थीदशेत कम्युनिस्ट झाला, हिटलर आल्यावर १९३३ साली इंग्लंडला पळाला. तिथे शिकला, एडिंबरोला भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांच्या हाताखाली काम केलं. हेच बॉर्न त्याआधी रामन यांच्या बोलावण्यावरून बंगळूरला येऊन राहिले होते.

१९४० साली इंग्रजांनी याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडून कॅनडात छावणीत टाकलं. सुटल्यावर त्याच इंग्रजांनी त्याला अणुबॉम्बच्या कामावर घेतलं. १९४४ साली तो अमेरिकेतल्या अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेत, लॉस अलामॉसला पोचला आणि प्लुटोनियम बॉम्बची माहिती थेट मॉस्कोला जात राहिली. जानेवारी १९५० मध्ये कबुली दिली, १ मार्चला खटला झाला आणि १४ वर्षांची शिक्षा लागली. नऊ वर्षांनी सुटून पूर्व जर्मनीत गेला आणि तिथे पुन्हा अणुशास्त्रज्ञ म्हणून मानाने राहिला. १९८८ साली वारला.

माझं स्पष्ट मत: हा माणूस आदरणीयांच्या यादीत नको. ज्यांनी आसरा दिला त्यांचाच विश्वासघात.

डावा_विंग

सहमत नाही. त्याने पैशासाठी हे केलं नाही. रशिया तेव्हा हिटलरशी लढणारं दोस्त राष्ट्र होतं आणि त्यांच्यापासून बॉम्ब लपवला जात होता.

उलटतपासणी

युद्ध १९४५ साली संपलं. माहिती देणं त्यानंतरही चालू राहिलं, हार्वेलला ब्रिटनच्या अणुकेंद्रात मोठ्या पदावर बसून. हिटलर मेल्यावर कुठला दोस्तीचा मुद्दा उरतो?

गणिती_मास्तर

लॉस अलामॉसची एक गोष्ट यात घालतो. तिथेच काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांची बायको क्षयाने अल्बुकर्कीच्या इस्पितळात अखेरच्या घटका मोजत होती. जून १९४५ मध्ये निरोप आला तेव्हा ज्या गाडीतून ते धावले ती गाडी क्लाउस फुक्सची. मागितली, त्याने दिली. लोक आपली मुलंसुद्धा विश्वासाने त्याच्याकडे सांभाळायला ठेवत. त्याच माणसाने तेवढ्याच शांतपणे नकाशे बाहेर दिले. कबुली देताना त्याने स्वतःच सांगितलं की मनाचे दोन कप्पे करून आपण जगत होतो. उलटतपासणी म्हणतात तसा विश्वासघात तर आहेच. माझ्या दृष्टीने सगळ्यांत जड तो मित्रांचा. पण चौकशीत अडकल्यावर त्याने दुसऱ्या कुणावर ढकललं नाही, हेही नोंदवलं पाहिजे.

कनीनिका

मास्तर, अमेरिकेतला त्याचा निरोप्या हॅरी गोल्ड त्याच्या माहितीवरूनच ओळखला गेला ना? फोटो दाखवल्यावर यानेच ओळख पटवली. आणि गोल्डवरून धागा पुढे रोझेनबर्ग दांपत्यापर्यंत गेला, हेरगिरीसाठी त्या दोघांना १९५३ साली विजेच्या खुर्चीत बसवलं. "ढकललं नाही" हे पटत नाही.

उलटतपासणी

कनीनिका +१. तेच म्हणायचं होतं.

मेळघाटी

अणुबॉम्बवरून जरा इकडे या. महाराष्ट्राशी थेट नातं असलेला एक फुक्स अजून कुणी लिहिला नाही. स्टीफन फुक्स, जन्म १९०८, ऑस्ट्रियाचे. ख्रिस्ती मिशनरी म्हणून १९३० च्या दशकात भारतात आले आणि मानववंशशास्त्रज्ञ झाले. निमाडमधल्या बलाही समाजात राहून त्यांनी केलेला अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाला. विणकर आणि शेतमजूर लोक, त्या काळी गावाबाहेर ठेवलेले. पुढे मंडल्याचे गोंड आणि भूमिया. आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे कोरकू. कोरकू विंध्य-सातपुड्यात राहतात, आमच्या मेळघाटातही.

१९५० सालीच त्यांनी मुंबईत भारतीय संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था काढली. ती अंधेरीत महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर आहे. तिथून त्यांनी कित्येक तरुण अभ्यासकांना क्षेत्रकामाचं शिक्षण दिलं. २००० साली वारले, ऑस्ट्रियात. आयुष्याचा मोठा भाग मात्र इथे गेला.

कोरकूंवर लिहिणारे बहुतेक लोक चार दिवस येतात, कुपोषणाचे आकडे घेतात आणि जातात. फुक्स यांनी लग्नं कशी ठरतात, मृतांसाठी लाकडी खांब कसा कोरतात, कुठला देव कुणाचा, हे सगळं टिपलं. आमच्याकडे मुंडा खांब म्हणतात त्याला. चंद्र, सूर्य, घोड्यावरचा माणूस कोरलेला असतो. त्यांच्या धर्मांतराच्या कामाबद्दल ज्यांना आक्षेप असेल त्यांनी तो जरूर घ्यावा, पण ही नोंद नसती तर फार थोडं उरलं असतं.

पानगळ

मेळघाटी, हे मला अजिबात माहीत नव्हतं, फार आनंद झाला. कोरकूंच्या खांबांबद्दल स्वतंत्र धागा काढाल का? फोटो असतील तर अजून चांगलं.

घाटवाट

१९०८ साली जन्मलेला अजून एक फुक्स घ्या: व्हिव्हियन फुक्स. इंग्लंडमध्ये, आयल ऑफ वाइटवर जन्म. वडील जर्मनीहून आलेले, म्हणून पहिल्या महायुद्धात त्यांना सरकारने डांबून ठेवलं. मुलगा भूशास्त्रज्ञ झाला आणि ब्रिटनचा अंटार्क्टिकातला सगळ्यांत मोठा माणूस झाला. आडनाव खोकड आणि दोस्तांनी पाडलेलं टोपणनाव 'बनी', म्हणजे ससा!

शॅकलटनला १९१४ साली अंटार्क्टिका आडवी पार करायची होती आणि जमलं नाही, ते यांनी केलं. २४ नोव्हेंबर १९५७ ला वेडेल समुद्राच्या बाजूने निघाले. बर्फावर चालणाऱ्या स्नो-कॅट गाड्या आणि कुत्र्यांच्या घसरगाड्या. पहिला टप्पा सगळ्यांत वाईट होता, बर्फाच्या कवचाखाली भेगाच भेगा. गाडी पुढे नेण्याआधी माणूस काठीने टोचून बघणार, पोकळ लागलं की वळसा. तरी गाडी अडकायचीच, मग बाकीच्या गाड्यांना बांधून तिला वर ओढायचं. वाटेत थांबून थांबून सुरुंग लावून बर्फाची जाडी मोजत होते. १९ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुव, २ मार्चला पलीकडचा स्कॉट तळ. ९९ दिवस, ३,४७३ किलोमीटर.

पलीकडून त्यांच्यासाठी अन्न-इंधनाचे साठे लावत येणारा माणूस कोण? एडमंड हिलरी. हिलरींचं काम साठे लावण्याचं, पण ते शेतातल्या ट्रॅक्टरवर बसून ४ जानेवारीलाच ध्रुवावर पोचले आणि फुक्सना सुचवलं की उशीर झालाय, ध्रुवावर थांबा, उरलेलं पुढच्या वर्षी करा. फुक्सनी साफ नकार दिला आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे पलीकडे पोचले. वर्तमानपत्रांनी शर्यत हिलरींनी जिंकली म्हणून मथळे दिले. आम्हा डोंगरात फिरणाऱ्यांना हिलरी दैवत, पण त्या मोहिमेत माझी दाद फुक्सना. ठरवलेलं शास्त्रीय काम एका दिवसासाठीही सोडलं नाही.

षड्ज

संगीतातला फुक्स आलाच पाहिजे. लिहायची पद्धत थोडी वेगळी, पण नाव तेच: योहान योसेफ फुक्स, व्हिएन्नाच्या दरबाराचे संगीतप्रमुख, मृत्यू १७४१. १७२५ साली त्यांनी लॅटिनमध्ये काउंटरपॉइंटचा, म्हणजे एकाच वेळी अनेक सुरावटी गुंफण्याच्या कलेचा ग्रंथ लिहिला, गुरू आणि शिष्याच्या संवादाच्या रूपात. एका सुरासमोर एक सूर, मग दोन, मग चार, असं पायरीपायरीने. आपल्याकडे पलटे घोटून घेतात तशी तालीम. हायडन त्यावर स्वतःच शिकला, मोत्झार्टने आपल्या शिष्यांना त्यातून शिकवलं, बेटहोफेनही त्यातून गेला.

दुसरे रॉबर्ट फुक्स, १८४७ ते १९२७. व्हिएन्नाच्या संगीत विद्यालयात शिकवायचे. शिष्य कोण कोण बघा: माह्लर, सिबेलिउस, ह्यूगो वोल्फ. खोकडाकडे लांडगा शिकायला होता!

डावा_विंग

फुटबॉलमधला फुक्स म्हटला की पोरं लेस्टरचा ऑस्ट्रियन ख्रिस्तियान फुक्स सांगतील, इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा २०१६ चा विजेता संघ. चांगला खेळाडू. पण मला सांगायचाय गॉटफ्रीड फुक्स.

जन्म १८८९, कार्ल्सरूह. कार्ल्सरूहच्या क्लबने १९१० साली जर्मनीचं अजिंक्यपद मिळवलं, त्यात तो आणि त्याचा सहकारी यूलिउस हिर्श पुढच्या फळीत. १ जुलै १९१२, स्टॉकहोम ऑलिंपिक, रशियाविरुद्ध जर्मनी १६-०. त्यातले १० गोल एकट्या गॉटफ्रीडचे. जर्मनीसाठी एका सामन्यात इतके गोल आजवर कुणी केले नाहीत. जगाच्या पातळीवरही ऑस्ट्रेलियाच्या आर्ची थॉम्पसनने २००१ साली १३ केले तेव्हाच हा आकडा मागे पडला.

दोघंही ज्यू होते. गॉटफ्रीड पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढला, पदक मिळवलं. नाझी आल्यावर त्याला देश सोडावा लागला, शेवटी कॅनडात पोचला आणि तिथे नाव बदलून गॉडफ्री फॉक्स केलं. हिर्श मागे राहिला. १९४३ साली त्याला आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवलं, तो परत आला नाही. जर्मन फुटबॉल संघटना २००५ पासून त्याच्या नावाने पुरस्कार देते.

आणि हे वाचून माझा संताप होतो: जर्मनीचे माजी प्रशिक्षक झेप हेरबर्गर लहानपणापासून गॉटफ्रीडचे भक्त. १९७२ साली म्युनिकचं ऑलिंपिक मैदान खुलं होताना गॉटफ्रीडला पाहुणा म्हणून बोलवा अशी त्यांनी खटपट केली. संघटनेने नकार दिला. असा पायंडा पडायला नको, ही त्यातली सबब. तोवर फेब्रुवारीत मॉन्ट्रियलला गॉटफ्रीड वारलाही होता. एका म्हाताऱ्या माणसाचं विमानाचं तिकीट, तेवढाच प्रश्न होता.

उलटतपासणी

हे माहीत नव्हतं. पुरस्काराचं नाव हिर्शचं, मग गॉटफ्रीडचं काय, असं मनात आलं. कार्ल्सरूहमध्ये तरी काही आहे का?

नेकारकाठचा

आहे, कार्ल्सरूह शहराने एका चौकाला गॉटफ्रीड फुक्सचं नाव दिलंय. त्याच्या भावाचीही गोष्ट ऐका. रिचर्ड फुक्स, वास्तुकार आणि संगीतकार. १९३८ च्या नोव्हेंबरमधल्या ज्यूंविरुद्धच्या हिंसाचारानंतर त्याला डाखाउच्या छावणीत टाकलं. सुटून न्यूझीलंडला, वेलिंग्टनला पोचला. जर्मनीत ज्यू म्हणून नकोसा, न्यूझीलंडमध्ये जर्मन म्हणून संशयित. १९४७ साली वारला. त्याचं संगीत पुढे कितीतरी वर्षांनी लोकांनी शोधून वाजवलं.

गणिती_मास्तर

नेकारकाठचा, आमच्याकडेही एक रिचर्ड फुक्स आहे! लाझारुस यांचा मुलगा, तोही गणिती. पेनल्व्हे समीकरणं म्हणून सहा डिफरेन्शियल इक्वेशन्स आहेत, त्यांतलं सहावं, सगळ्यांत व्यापक समीकरण त्याने १९०५ साली शोधलं. ग्रंथालयात शोधताना हे दोघे एकमेकांत मिसळतात.

षड्ज

योहान नेपोमुक फुक्स पण दोन आहेत. एक रॉबर्टचा मोठा भाऊ, ऑपेराचा वाद्यवृंद-संचालक. दुसरा त्याच्या दोन पिढ्या आधीचा, त्याचं कोणाला माहीत आहे का?

अश्मक

दुसरा आमचा, दगडवाल्यांचा! १७७४ ते १८५६, म्युनिकचे रसायन आणि खनिजशास्त्राचे प्राध्यापक. 'वॉटरग्लास' म्हणजे पाण्यात विरघळणारी काच त्यांनी तयार केली, सोडियम-पोटॅशियम सिलिकेटची. म्युनिकच्या नाट्यगृहाच्या लाकडी भागांना आगीपासून वाचवायला ती फासली होती. पुढे भिंतीवरच्या चित्रांनाही वापरली गेली. क्रोमियममुळे हिरवागार झालेला अभ्रक त्यांच्या नावाने 'फुक्साइट' म्हणून ओळखला जातो. तुम्ही तो पाहिलाय: हिरव्या ॲव्हेंचरिनच्या माळा विकतात त्यात जी चमचम असते ती बहुधा फुक्साइटच्या पापुद्र्यांची. कर्नाटकात मिळतो. हिरव्या फुक्साइटात लाल माणिक रुतलेले तुकडे प्रदर्शनात बघून घ्या.

पानगळ

म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर जमत चाललंय. मोठं घराणं एकही नाही, पण छोटी छोटी नाती आहेत: लाझारुस आणि रिचर्ड बापलेक, रॉबर्ट आणि योहान नेपोमुक भाऊ, गॉटफ्रीड आणि दुसरा रिचर्ड भाऊ. कोणी कॅथलिक, कोणी प्रोटेस्टंट, कोणी ज्यू.

आता लिओनहार्टबद्दल राहिलेलं लिहिते. १५०१ साली बव्हेरियातल्या वेमडिंगला जन्म, १५३५ पासून ट्युबिंगेनला वैद्यकाचे प्राध्यापक. १५४२ साली बाझेलला त्यांचा औषधी वनस्पतींचा ग्रंथ छापला गेला, पाचशेच्या वर लाकडी ठशांची चित्रं. मुळापासून शेंड्यापर्यंत पूर्ण झाड, आणि फूल-फळ-बी एकाच चित्रात, म्हणजे कुठल्याही ऋतूत ओळखता यावं. युरोपात नव्याने आलेला मका, भोपळा आणि मिरची त्यात आहे. मिरचीला त्यांनी कालिकतची मिरी म्हटलंय! ती अमेरिकेतून आली होती, पण व्यापाराच्या वाटांवरून त्यांना ती हिंदुस्थानची वाटली.

पण माझं मन जिंकलं ते शेवटच्या पानाने. तिथे तीन कारागिरांची चित्रं आहेत, नावानिशी. आल्ब्रेश्ट मायर फुलदाणीतल्या झाडावरून चित्र काढतोय, हाइनरिश फ्युलमाउरर ते लाकडावर उतरवतोय आणि फाइट रुडोल्फ श्पेकले हा ठसे कोरणारा. त्या काळी कारागिराचं नावसुद्धा क्वचितच कोणी छापत असे. यांनी चेहरे छापले.

मेळघाटी

पण हेच लिओनहार्ट अरबी वैद्यांवर तुटून पडायचे, हेही लिहा. इब्न सिनासारख्यांना चुकांचं भांडार म्हणायचे, ग्रीकच काय ते खरे. शेकडो वर्षं ज्यांच्या पुस्तकांवर युरोपचे वैद्य शिकले त्यांच्याबद्दल हा सूर बरोबर नाही.

पानगळ

मान्य, ती बाजू आहे आणि ती कडू आहे. तरी ग्रंथ माझ्या लेखी मोठाच. त्याहून मोठा, पंधराशेच्या वर चित्रांचा दुसरा ग्रंथ त्यांनी आयुष्यभर रचला. छापायला पैसा उभा राहिला नाही. हस्तलिखित व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

कनीनिका

सायंप्रकाश, उत्तर द्यायचं राहिलं. मोतीबिंदूच्या आधी आईच्या डॉक्टरांना सकाळ-दुपारचा हा फरक स्पष्ट सांगा. 'स्पेक्युलर मायक्रोस्कोपी' म्हणून पेशी मोजायची साधी तपासणी असते. डोळ्याला स्पर्शही होत नाही, लगेच होते. पेशी कमी निघाल्या तर ऑपरेशन वेगळ्या काळजीने करतात, कारण त्यात आणखी काही पेशी जातातच. पुढे गरज पडली तरी घाबरू नका. पूर्वी सगळा कॉर्निया बदलायचे, आता नेत्रदानातून मिळालेला आतला पातळ थर तेवढाच बसवतात. एका डोळ्याला फुक्स असेल तर दुसऱ्यालाही असतो आणि बऱ्याचदा घराण्यात चालतो, म्हणून तुम्ही आणि भावंडांनीही एकदा तपासून घ्या.

सायंप्रकाश

खूप आभार. सोमवारची वेळ घेतली आहे, तपासणीचं नाव कागदावर लिहून घेतलं. काय निघतं ते इथे कळवते.

कनीनिका

सकाळी लवकरची वेळ मिळाली तर तीच घ्या. सूज तेव्हाच नीट दिसते.